मांजरांतील घरगुती विषबाधा

मांजरांतील घरगुती विषबाधा म्हणजे घरात नित्य वापरात असलेला एखादा पदार्थ पोटात गेल्याने, अंगावर सांडल्याने किंवा श्वासावाटे शिरल्याने मांजराला होणारा अपाय. औषधाच्या गोळ्या, फिनेल व इतर जंतुनाशके, डासांची व झुरळांची औषधे, उंदराचे विष, डांबरगोळ्या, कापूर आणि शोभेच्या काही वनस्पती ही त्याची नेहमीची कारणे होत. माणसाला किंवा कुत्र्याला सहज पचणारी मात्राही मांजराला घातक ठरू शकते. म्हणून माणसांसाठी सांगितलेले प्रथमोपचार मांजराला जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

विषबाधेचा संशय येताच मांजराला त्या पदार्थापासून दूर करावे, पदार्थाचे वेष्टन किंवा बाटली जवळ ठेवावी, अंदाजे वेळ व प्रमाण टिपून ठेवावे आणि पशुवैद्यकाशी तत्काळ संपर्क साधावा. घरी उलटी करवू नये. लक्षणे दिसेपर्यंत थांबू नये, कारण अनेक विषांमध्ये लक्षणे दिसू लागतात तेव्हा उपचाराचा सर्वांत उपयुक्त काळ उलटून गेलेला असतो.

मांजराच्या शरीराचे वेगळेपण

मांजर खाण्याच्या बाबतीत चोखंदळ असते. अनोळखी पदार्थ ते आधी हुंगते आणि बहुतेक वेळा सोडून देते. गोड चव ओळखणाऱ्या ग्राहीचा एक जनुक मांजरवर्गीय प्राण्यांत निकामी झालेला असल्याने गोड पदार्थांचे आकर्षणही त्यांना नसते. तरीही मांजरांना विषबाधा होते, आणि ती बरेचदा खाण्यातून नव्हे तर चाटण्यातून होते. जागेपणीच्या वेळेचा मोठा भाग मांजर अंग चाटून स्वच्छ करण्यात घालवते. ओल्या फरशीवरचे फिनेल पंजांना लागते, भिंतीकडेला मारलेली पावडर केसांत अडकते, फुलदाणीतल्या फुलाचे पराग पाठीवर पडतात, आणि थोड्या वेळात ते सारे जिभेवाटे पोटात जाते. त्यामुळे ‘त्याने काही खाल्ले नाही’ ही मालकाची खात्री निदानाच्या वेळी फारशी उपयोगाची नसते.

दुसरे कारण यकृतात आहे. अनेक औषधे व रसायने शरीराबाहेर टाकण्यासाठी यकृत त्यांना ग्लुकुरॉनिक आम्लाची जोड देते. या कामी लागणाऱ्या विकरांपैकी एक महत्त्वाचे विकर तयार करणारा जनुक मांजरात निष्क्रिय आहे. हजारो पिढ्या जवळजवळ केवळ मांसावर जगलेल्या या प्राण्याला वनस्पतींतील विषद्रव्यांशी झुंजण्याची गरज पडली नाही, म्हणून ही यंत्रणा लोपली असावी, असे मानले जाते. परिणामी पॅरासिटामॉल, ॲस्पिरिन आणि फिनॉल गटातील रसायने मांजराच्या शरीरात दीर्घकाळ रेंगाळतात. माणसाच्या रक्तातून काही तासांत उतरणाऱ्या ॲस्पिरिनची पातळी मांजरात निम्म्यावर यायला दीड दिवसाहून अधिक वेळ लागू शकतो.

तिसरी बाब रक्ताची. मांजराच्या हिमोग्लोबिनमध्ये ऑक्सिडीकरणाला बळी पडणाऱ्या जागा इतर प्राण्यांच्या तुलनेत अधिक असतात. कांदा, डांबरगोळी किंवा पॅरासिटामॉल यांनी हे हिमोग्लोबिन बिघडते, तांबड्या पेशींमध्ये हाइन्झ पिंड तयार होतात आणि पेशी फुटू लागतात. रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता त्यामुळे घटते.

पहिल्या तासातील कृती

प्रथम मांजराला एका बंद, मोकळ्या खोलीत किंवा टोपलीत ठेवावे. घाबरलेले मांजर पलंगाखाली, माळ्यावर वा कपाटामागे जाऊन बसते आणि शोधण्यात मोलाचा वेळ जातो. घरात दुसरी मांजरे असतील तर त्यांनाही वेगळे करावे. कोणी काय खाल्ले हे नक्की नसल्यास सर्वांनाच संशयित धरावे.

त्यानंतर पुरावा गोळा करावा. रिकामे पाकीट, उरलेल्या गोळ्यांची संख्या, बाटलीवरचे लेबल, कुरतडलेले पान, उलटीचा नमुना, यांतील जे मिळेल ते पिशवीत घालून सोबत न्यावे व लेबलाचे छायाचित्र आधीच पशुवैद्यकाला पाठवावे. केवळ ‘झुरळाचे औषध’ एवढे सांगून भागत नाही. त्या एका नावाखाली पायरेथ्रॉइड, कार्बामेट, ऑर्गॅनोफॉस्फेट किंवा तुलनेने सौम्य जेल असे परस्परांहून अगदी वेगळे पदार्थ विकले जातात व त्यांचे उतारेही वेगळे असतात. कीटकनाशके अधिनियम, १९६८ आणि त्याखालील १९७१ च्या नियमांनुसार भारतात विकल्या जाणाऱ्या कीटकनाशकाच्या वेष्टनावर तिरपा चौकोन छापलेला असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग विषारीपणाची श्रेणी दाखवतो. लाल म्हणजे सर्वाधिक विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा व शेवटी हिरवा. उतारा व प्रथमोपचाराची सूचनाही वेष्टनावर द्यावी लागते. मात्र ही श्रेणी प्रयोगशाळेतील प्राण्यांच्या चाचण्यांवरून ठरते, मांजरांवरून नव्हे. हिरवा चौकोन पाहून मांजर सुरक्षित आहे असे समजणे चुकीचे ठरेल.

पशुवैद्यकाला दूरध्वनीवर सांगावयाच्या गोष्टी थोड्याच असतात: मांजराचे वय व अंदाजे वजन, पदार्थाचे नाव, जास्तीत जास्त किती प्रमाण गेले असू शकेल, किती वाजता, सध्या मांजर कसे आहे आणि त्याला आधीचा काही आजार आहे का. प्रमाण नक्की माहीत नसल्यास सर्वांत वाईट शक्यता धरून हिशेब करतात. हिरड्यांचा रंगही पाहून ठेवावा. निरोगी हिरड्या गुलाबी असतात. त्या पांढुरक्या, पिवळसर, निळसर किंवा तपकिरी दिसल्यास ते आवर्जून सांगावे. विश्रांत मांजर मिनिटाला साधारण २० ते ३० वेळा श्वास घेते. तोंड उघडून धापा टाकणारे मांजर ही आणीबाणी समजावी.

पदार्थ अंगावर सांडला असेल तर तो मांजराने चाटण्यापूर्वी धुणे हा घरी करण्याजोगा सर्वांत उपयुक्त उपचार आहे. कोमट पाणी व भांडी घासण्याचा पातळ साबण यासाठी पुरतो. धुणाऱ्याने हातमोजे घालावेत. गरम पाणी वापरू नये, कारण त्याने कातडीतील रक्तप्रवाह वाढून शोषण वाढते. धुतल्यावर मांजराला टॉवेलने कोरडे करून उबेत ठेवावे. आम्ल किंवा कॉस्टिक सांडल्यास साबणापेक्षा पंधरा-वीस मिनिटे वाहत्या पाण्याने धुणे महत्त्वाचे असते. तैलरंग किंवा डांबर लागल्यास ते काढायला रॉकेल वा टर्पेंटाइन वापरणे म्हणजे एका विषावर दुसरे चढवणे होय. अशा वेळी केस कापून टाकावेत. उंदीर पकडण्याच्या चिकट पुठ्ठ्यावर अडकलेल्या मांजराला खाद्यतेल चोळून सोडवता येते व नंतर साबणाने तेल धुता येते. आचके येत असलेल्या किंवा शुद्ध हरपलेल्या मांजराला मात्र घरी धूत बसू नये.

टाळावयाचे घरगुती उपाय

मिठाचे पाणी पाजून उलटी करवणे हा महाराष्ट्रातील घरांत सर्वत्र माहीत असलेला उपाय आहे. मांजराच्या बाबतीत तो स्वतःच विषबाधा घडवू शकतो. चार किलोच्या प्राण्याच्या रक्तात सोडियम झपाट्याने वाढल्यास मेंदूवर परिणाम होऊन झटके येतात. हायड्रोजन पेरॉक्साइड काही देशांत कुत्र्यांसाठी, पशुवैद्यकाच्या सांगण्यावरून वापरले जाते. मांजरात त्याने जठराचा तीव्र, रक्तस्रावी दाह होतो, म्हणून ते वर्ज्य आहे. घशात बोट घालणे निरुपयोगी असून चावा बसण्याचा धोका असतो.

उलटी करवणेच काही प्रसंगी घातक असते. संडास साफ करण्याचे आम्ल, नाले मोकळे करण्याचे कॉस्टिक व तत्सम दाहक पदार्थ वर येताना अन्ननलिका दुसऱ्यांदा जाळतात. रॉकेल, टर्पेंटाइन, डासप्रतिबंधक यंत्रातील द्रव हे उलटीबरोबर श्वासनलिकेत शिरून न्यूमोनिया घडवतात. सुस्त, बेशुद्ध किंवा झटके येणाऱ्या मांजराचा उलटी करवताना श्वास गुदमरू शकतो. या तिन्ही गटांना वगळल्यावर जी थोडी प्रकरणे उरतात, त्यांतही उलटी दवाखान्यात इंजेक्शनने करवणेच योग्य.

दुधाविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. दूध हा विषाचा सार्वत्रिक उतारा आहे ही समजूत खोल रुजलेली आहे, आणि मांजर दूध आवडीने पिते म्हणून ती अधिकच सोयीची वाटते. वस्तुतः दूध कोणतेही विष निष्प्रभ करत नाही. अळू, मनीप्लांट, डिफेनबॅकिया यांसारख्या वनस्पती चावल्यावर तोंडाची होणारी आग दोन चमचे दुधाने वा पाण्याने शमते. दाहक पदार्थात पशुवैद्यक कधी कधी तेवढेच थोडे पाणी किंवा दूध चाटवायला सांगतात. याउलट डांबरगोळी किंवा पिवळा फॉस्फरस स्निग्ध पदार्थात विरघळतात. अशा वेळी दूध, तूप किंवा लोणी दिल्यास शोषण वाढते. झिंक फॉस्फाइड या उंदरांच्या औषधात तर कोणतेही अन्न जठरातील आम्लाचा स्राव वाढवते व विषारी वायू अधिक तयार होतो. कोणता पदार्थ पोटात गेला हे ठरेपर्यंत काहीही न पाजणे हेच सुरक्षित.

शेगडीतला कोळसा किंवा उदबत्तीची राख यांचा ‘सक्रिय कोळसा’ म्हणून उपयोग होत नाही. औषधी सक्रिय कोळशाच्या कणांवर विशेष प्रक्रियेने असंख्य सूक्ष्म छिद्रे पाडलेली असतात, आणि विष धरून ठेवण्याची ताकद त्या छिद्रांत असते. मांजराला जबरदस्तीने पाजताना तोही फुप्फुसात जाऊ शकतो.

प्रमुख पदार्थ

पॅरासिटामॉल. भारतीय घरात या औषधाची पट्टी नसेल असे क्वचितच. मांजर स्वतःहून गोळी खाते त्यापेक्षा, ताप किंवा लंगडणे पाहून मालकच ती देतो असे अधिक वेळा घडते. शरीराच्या प्रतिकिलो १० मिलिग्रॅम इतक्या अल्प मात्रेनेही मांजरात विषबाधा झाल्याची नोंद आहे. चार किलोच्या मांजराला ५०० मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे किलोमागे १२५ मिलिग्रॅम, आणि ‘लहान आहे म्हणून’ दिलेली पाव गोळीही ३० मिलिग्रॅमच्या पुढे जाते. या औषधाची मांजरासाठी सुरक्षित मात्रा नाही. काही तासांत हिरड्या तपकिरी होतात, श्वास वाढतो, चेहरा व पंजे सुजतात, लघवी गडद होते. उपचाराविना एक-दोन दिवसांत मृत्यू येऊ शकतो. एन-ॲसिटिलसिस्टीन हा उतारा माणसांच्या औषधांच्या दुकानांतही मिळतो, पण त्याची मात्रा पशुवैद्यकानेच ठरवावी लागते. सर्दी-खोकल्याच्या अनेक मिश्र औषधांत पॅरासिटामॉल असते हेही ध्यानात ठेवावे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही वेदनाशामके मूत्रपिंड व जठर यांना इजा करतात. गुडघ्याला चोळलेले मलम मांजराने चाटले तरी ती होऊ शकते.

इतर औषधे. ‘ड’ जीवनसत्त्वाच्या आठवड्यातून एकदा घ्यावयाच्या ६०,००० एककांच्या पुड्या व चघळण्याच्या गोळ्या भारतात मोठ्या प्रमाणावर लिहून दिल्या जातात. ६०,००० एकक म्हणजे दीड मिलिग्रॅम. चार किलोच्या मांजरात ही मात्रा रक्तातील कॅल्शियम धोकादायक पातळीवर नेऊ शकते, आणि परिणाम एक-दोन दिवसांनी दिसू लागतात. केस उगवण्यासाठी टाळूला लावले जाणारे मिनॉक्सिडिल मांजराला अत्यंत घातक आहे. मालकाच्या उशीचा अभ्रा किंवा डोके चाटण्यातून पुरेशी मात्रा पोटात जाऊन हृदय व फुप्फुसे बाधित झाल्याची प्रकरणे पशुवैद्यक वाङ्मयात नोंदलेली आहेत.

फिनेल व जंतुनाशके. काळे फिनेल डांबरापासून मिळणाऱ्या फिनॉल गटातील आम्लांचे बनते, पांढऱ्या फिनेलमध्ये प्रामुख्याने पाइन तेल असते. दोन्ही मांजराला वाईट. पाण्यात टाकल्यावर दुधासारखे होणारे क्लोरोझायलेनॉलयुक्त जंतुनाशकही फिनॉलच्याच कुळातले आहे. जखम धुण्यासाठी ते मांजराला लावणे ही नेहमी होणारी चूक होय. फरशी पुसण्याच्या अनेक द्रवांत बेन्झाल्कोनियम क्लोराइड असते. ते चाटल्यावर लगेच काही दिसत नाही, पण काही तासांनी जिभेवर व्रण येतात, लाळेच्या तारा लोंबतात, ताप चढतो आणि मांजर खाणे सोडते. जिभेवरचे असे व्रण पाहून विषाणुजन्य आजाराचा संशय येऊ शकतो, म्हणून फरशी कशाने पुसली हे सांगणे आवश्यक ठरते. लाद्या पूर्ण वाळेपर्यंत मांजराला त्या खोलीत न सोडणे हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय.

संडास साफ करण्याच्या द्रवात बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असते. विरंजकात सोडियम हायपोक्लोराइट असते. हे दोन्ही एकत्र झाल्यास क्लोरीन वायू सुटतो व तो माणूस आणि मांजर दोघांनाही घातक असतो.

कीटकनाशके. झुरळांचा व मुंग्यांचा खडू, फवारे आणि पिसवांची पावडर यांत बहुतांशी सिंथेटिक पायरेथ्रॉइड असतात. त्यांतील पर्मेथ्रिन हे मांजराचे कुप्रसिद्ध विष आहे. कुत्र्याच्या मानेवर टाकावयाचे पर्मेथ्रिनयुक्त पिसू-औषध ‘थोडेसेच’ मांजराला लावले जाते आणि काही तासांत कान व कातडी थरथरू लागतात, चालताना तोल जातो, मग झटके येतात. घरात कुत्रा व मांजर एकत्र राहत असतील तर कुत्र्याला औषध लावल्यावर दोघांना काही काळ वेगळे ठेवावे. याला विशिष्ट उतारा नाही. मेथोकार्बामॉलसारखी स्नायू शिथिल करणारी औषधे, अंग धुणे आणि शिरेवाटे मेदद्रव देणे यांनी बहुतेक मांजरे दोन-तीन दिवसांत सावरतात. ऑर्गॅनोफॉस्फेट व कार्बामेट विषांत लाळ, अश्रू, लघवी, जुलाब, बारीक झालेल्या बाहुल्या व स्नायूंचे फडफडणे दिसते. तेथे ॲट्रोपिन उपयोगी पडते.

उंदरांची विषे. झिंक फॉस्फाइडची काळसर पूड आमिषाच्या गोळ्यांत मिसळतात. जठरातील आम्लाशी संयोग होताच फॉस्फीन वायू तयार होतो. उलटीला लसणासारखा किंवा कुजक्या मासळीसारखा वास येतो. तो वायू वाहून नेणाऱ्यालाही अपाय करतो, म्हणून रिक्षा वा मोटारीच्या काचा उघड्या ठेवाव्यात. ब्रोमाडायोलोनच्या वड्यांचा घात याच्या उलट, संथ असतो. रक्त गोठवणारे घटक संपेपर्यंत मांजर ठणठणीत दिसते आणि दोन ते पाच दिवसांनी हिरड्या, नाक किंवा छातीच्या पोकळीत रक्तस्राव सुरू होतो. उपचार ‘के-१’ जीवनसत्त्वाचा, आणि तो कित्येक आठवडे द्यावा लागतो. ‘के-३’ या प्रकाराचा येथे उपयोग होत नाही. औषध थांबवल्यानंतर ४८ ते ७२ तासांनी रक्त गोठण्याची चाचणी पुन्हा करतात. विष खाल्लेला उंदीर खाऊनही बाधा होऊ शकते, मात्र या गटाच्या विषांना मांजर कुत्र्यापेक्षा अधिक दाद देत नाही.

डांबरगोळ्या व कापूर. कपड्यांच्या कपाटात ठेवायच्या नॅप्थॅलिनच्या गोळ्या चेंडूसारख्या घरंगळतात, म्हणून पिल्ले त्यांच्याशी खेळतात. त्यांनी तांबड्या पेशी फुटतात. कापराने झटके येतात. निलगिरी व टी-ट्री यांसारखी सुगंधी तेलेही याच यादीत येतात.

वनस्पती. लिलियम प्रजातीतील खरी लिली आणि हेमेरोकॅलिस अर्थात डे-लिली या मांजरांच्या मूत्रपिंडाला अत्यंत घातक असतात. पाने, पाकळ्या, पराग आणि फुलदाणीतील पाणीसुद्धा विषारी असते, आणि अंगावर पडलेले पराग चाटणे पुरेसे ठरते. त्यातील विषद्रव्य अद्याप निश्चित झालेले नाही. पहिल्या काही तासांत उलट्या होतात, मग मांजर बरे झाल्यासारखे वाटते, आणि एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडे बंद पडतात. मधला हा बरा वाटणारा काळ अनेकांना फसवतो. पहिल्या १८ तासांत सलाईन सुरू केल्यास वाचण्याची शक्यता चांगली असते. भेट म्हणून येणाऱ्या पुष्पगुच्छांत ही फुले हमखास असतात. ‘लिली’ हे नाव मात्र विश्वसनीय खूण नव्हे. पीस लिलीने केवळ तोंडाची आग होते. कळलावी या देशी वेलीत कोल्चिसिन असते व तीही प्राणघातक ठरू शकते. कण्हेरीने हृदयाची लय बिघडते, तर सायकस या शोभेच्या झाडाने यकृत निकामी होते.

खाद्यपदार्थ. कांदा व लसूण, कच्चे असोत वा शिजवलेले, मांजराचे रक्त बिघडवतात. फोडणीचा रस्सा किंवा मसालेदार मासळीचे कालवण मांजराला घालण्याची सवय म्हणूनच बरी नव्हे. चॉकलेटही विषारी आहे, परंतु गोडाची ओढ नसल्याने मांजर ते क्वचितच खाते.

दोरा व मांजा. हे विष नव्हे, पण गिळण्याच्या आपत्तींत त्याचा उल्लेख टाळता येत नाही. सुईसह दोरा, राखीची झिरमिळी किंवा संक्रांतीच्या दिवसांतला मांजा मांजराच्या जिभेवरील मागे वळलेल्या काट्यांत अडकतो व नाइलाजाने गिळला जातो. तोंडातून किंवा गुदद्वारातून टोक दिसत असले तरी ते ओढू नये. आतड्यांत ताणलेला दोरा करवतीसारखा कापतो. बहुधा शस्त्रक्रिया करावी लागते.

दवाखान्यातील उपचार

पदार्थ नुकताच पोटात गेला असून उलटी करवणे सुरक्षित असेल तर झायलाझिन किंवा डेक्समेडेटोमिडिनचे इंजेक्शन देतात. कुत्र्यांत चालणारे ॲपोमॉर्फिन मांजरात भरवशाचे नसते. त्यानंतर किलोमागे १ ते २ ग्रॅम सक्रिय कोळसा देता येतो. आम्ल, अल्कली, खनिज तेल, अल्कोहोल आणि जड धातू यांवर त्याचा उपयोग नाही. पुढील उपचार पदार्थानुरूप बदलतात. मोटारीच्या कूलंटमधील इथिलीन ग्लायकॉलवर साधारण पहिल्या तीन तासांत उतारा मिळाला तरच तो गुणकारी ठरतो. मांजराच्या किलोमागे दीड मिलिलिटरच्या आसपासची मात्राही प्राण घेऊ शकते. अनेक विषांना उतारा नसतोच. त्या वेळी सलाईन, प्राणवायू, झटके थांबवणारी औषधे, शरीराची ऊब आणि रक्ततपासण्या यांवर भिस्त असते.

मीरा-भाईंदर परिसरातील परिस्थिती

ठाणे जिल्ह्यातील मीरा-भाईंदर महानगरपालिका २००२ साली अस्तित्वात आली. मीरा रोड पूर्वेकडील मीरा-भाईंदर मार्गावरचा सिल्व्हर पार्क परिसर हा तिच्या हद्दीतील दाट, सदनिकांच्या वस्तीचा नमुना आहे. अशा वस्तीत मांजरांचे दोन वर्ग आढळतात. एक सदनिकेत बंद राहणाऱ्यांचा, दुसरा सोसायटीच्या आवारात, जिन्यांत व वाहनतळात वावरणाऱ्यांचा. पहिल्यांना औषधांचा डबा, फरशीचे द्रव आणि पुष्पगुच्छ यांपासून धोका असतो. दुसऱ्यांना तळमजल्यावर टाकलेले उंदराचे आमिष, वाळवीची फवारणी, गाडीखाली गळलेले कूलंट आणि जिने धुण्याचे फिनेल यांपासून. सोसायटीने कीडनियंत्रणाची तारीख व वापरावयाच्या औषधाचे नाव सूचनाफलकावर लावल्यास रहिवाशांना मांजरे आत ठेवता येतात, आणि दुर्दैवाने काही घडलेच तर पशुवैद्यकाला देण्यासारखे एक नाव हाती असते. दारोदार सुटे विकले जाणारे फिनेल वापरलेल्या बाटल्यांत भरून येते. त्यावर ना घटकांची यादी असते ना सावधगिरीची सूचना. आवारात निळीच्या पाण्याच्या बाटल्या ठेवण्याची जी पद्धत दिसते तिचा विषबाधेशी संबंध नाही.

मोठी पशुरुग्णालये मात्र मुंबई शहरात आहेत. परळ येथील बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय एकोणिसाव्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात सुरू झाले. ते १८७४ साली स्थापन झालेल्या प्राणिक्रौर्य प्रतिबंधक संस्थेतर्फे चालते. परळलाच १८८६ पासूनचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय असून आता ते महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे. महालक्ष्मी येथे टाटा न्यासाचे लहान प्राण्यांचे रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झाले. सिल्व्हर पार्कपासून ही अंतरे तीस किलोमीटरच्या आसपास किंवा अधिक आहेत, आणि दहिसर नाक्यावरील कोंडी लक्षात घेता प्रवासाचा वेळ सांगणे कठीण असते. पॅरासिटामॉल किंवा पर्मेथ्रिनसारख्या प्रकरणात आधी जवळच्या दवाखान्यात उतारा वा झटक्यांचे औषध सुरू करून मग मोठ्या रुग्णालयात हलवणे श्रेयस्कर. रात्री कोणता दवाखाना उघडा असतो याची चौकशी गरज पडण्यापूर्वी करून ठेवावी. राज्याच्या पशुसंवर्धन विभागाचा १९६२ हा निःशुल्क क्रमांक मुख्यतः पशुधनासाठी आहे.

अमेरिका व ब्रिटन येथे प्राण्यांच्या विषबाधेसाठी दूरध्वनीवर चोवीस तास सल्ला देणारी स्वतंत्र केंद्रे आहेत. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील राष्ट्रीय विष माहिती केंद्र माणसांसाठी आहे. मांजराला धुताना मालकालाच बाधा झाली असेल तर त्याचा उपयोग होतो.

कायदा व शवविच्छेदन

प्राण्याला हेतुपुरस्सर अपायकारक पदार्थ देणे हा प्राणिक्रौर्य प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ खाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यासाठी त्यातील दंड १० ते ५० रुपये इतकाच आहे. भारतीय दंड संहितेची कलमे ४२८ व ४२९ अधिक कडक होती, परंतु त्यांत प्राण्याची किंमत अनुक्रमे दहा व पन्नास रुपयांची असण्याची अट होती आणि आवारातल्या बेवारस मांजराची किंमत काय, असा प्रश्न त्यातून उभा राही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये ही अट उरलेली नाही. कोणत्याही प्राण्याला ठार मारणे, विष देणे वा निकामी करणे यासाठी पाच वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

एकाच आवारात दोन-तीन मांजरे लागोपाठ मेल्यास अपघात व घातपात यांतील फरक केवळ शवविच्छेदनाने कळतो. मृतदेह प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून बर्फाच्या सान्निध्यात थंड ठेवावा, परंतु गोठवू नये. गोठल्याने ऊतींची तपासणी बिघडते. आमिषाचे तुकडे, उलटी किंवा भांड्यातील उरलेले अन्न वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवावे. पोलिसांत तक्रार नोंदवल्यावर पशुवैद्यकीय अधिकारी विच्छेदन करतो आणि जठर, यकृत व मूत्रपिंड यांचे नमुने न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे पाठवले जातात. मुंबईतील अशी प्रयोगशाळा कलिना येथे आहे.